गटार सोडायचं कुठे?

आमच्या फर्मच्या लेटरहेडवर प्रोप्रायटर म्हणून माझं नाव छापलेलं आहे. साइटवर मात्र मला कुणी ठेकेदार म्हणत नाही. गवंड्यापासून स्लॅबवर पाणी मारणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची मी वहिनी. नवरा डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनीअर. तो काम बघतो, मी कागद बघते. ही वाटणी आम्ही बसून ठरवली नव्हती. लग्नाआधी मी एका कर सल्लागाराकडे नोकरीला होते, त्यामुळे चलनं, पावत्या, दाखले हे माझ्या हाताखालून गेलेलं. नवऱ्याला कागद समोर आला की जांभई येते.

सुरुवात जिल्हा परिषदेच्या कामांनी झाली. शाळेची खोली, अंगणवाडीची संरक्षक भिंत, गावातला सिमेंटचा रस्ता. ही लहान कामं वाटताना ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, असं सरकारचं प्रमाण. काम वाटप समितीच्या बैठकीत चिठ्ठ्या निघत. नाव आलं तर काम, नाही तर चहा पिऊन घरी. बेरोजगार अभियंता म्हणून केलेली ती नोंदणी जन्मभर चालत नाही. तिची मुदत संपली तेव्हा आम्ही माझ्या नावाने फर्म काढली आणि आमच्याच तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेकडे वळलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथेच राहायचंय, तिथेच बिलं काढायचीत.

चिठ्ठीचं जग सोपं होतं. निविदेचं जग म्हणजे आधी संगणक. महाटेंडर्सवर रोज सकाळी आपल्या नगरपरिषदेचं पान उघडायचं, नवी सूचना आहे का, जुन्याला शुद्धिपत्रक लागलंय का ते बघायचं. डिजिटल सहीचं टोकन माझ्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं असतं. पूर्वी तीन लाखांवरच्या कामाला ई-निविदा लागायची, पुढे ती मर्यादा दहा लाख झाली. त्यानंतर गावात साडेनऊ लाखांची कामं किती वाढली, हे कुणीही पोर्टलवर न जाता सांगेल. एकाच रस्त्याचे तीन तुकडे, प्रत्येकाला वेगळं नाव. कामांच्या नावांचीही एक गंमत असते. 'अमक्याचे घर ते तमक्याचे घर आरसीसी गटार करणे.' त्यातला अमका पुण्याला जाऊन स्थायिक झालेला असतो, तमका वारलेला असतो, पण गटार त्यांच्याच नावाने निघतं.

निविदा दोन लिफाफ्यांत भरायची. पहिल्यात कागद: नोंदणी, जीएसटी, उलाढालीचा दाखला, केलेल्या कामांची यादी, यंत्रसामग्री, बयाणा भरल्याची पावती. दुसऱ्यात दर. पहिल्या लिफाफ्यात पास झालात तरच दुसरा उघडतो. बाहेरच्यांना वाटतं, खरी लढाई दुसऱ्या लिफाफ्यात होत असेल. मला वाटतं, बहुतेक वेळा ती पहिला लिफाफा उघडण्याच्याही आधी, अटी लिहिल्या जातात तेव्हाच झालेली असते. 'स्थळ पाहणी केल्याचा अभियंत्याचा दाखला जोडावा' ही त्यातली सर्वांत निरागस दिसणारी अट. दाखला घ्यायला कार्यालयात गेलं की कोण कोण निविदा भरणार याची यादी आपोआप तयार होते, आणि संध्याकाळी फोन येतो. "ताई, यावेळेस थांबा, पुढचं तुमचं." पहिल्या मागणीला किमान तीन निविदा यायला हव्यात, नाहीतर फेरनिविदा. म्हणून ज्याचं काम ठरलंय त्याला दोघांचा 'सपोर्ट' लागतो. सपोर्ट म्हणजे हरण्यासाठी भरलेली निविदा. आमच्याकडेही मागितला गेला आहे. मी टोकन देत नाही एवढंच. त्याचा फार गवगवा करण्यासारखं त्यात काही नाही, कारण न देण्याची किंमत कामं कमी मिळण्यातून आम्ही भरतो.

जिथे ठेकेदारांची अशी रिंग होत नाही तिथे उलटं टोक. पंचवीस टक्के, तीस टक्के बिलो. अंदाजपत्रक दरसूचीवर केलेलं, त्याच्या तीस टक्के खाली जाऊन हा माणूस काम करणार कसं? दहा टक्क्यांच्या खाली गेलं की जादा अनामत भरावी लागते, तरी लोक जातात. काही म्हणतात, दरसूचीतच हवा असते. काही म्हणतात, सिमेंटमध्ये मारतात. मला दोन्ही खरं वाटतं. कुठल्या कामात कुठलं, ते काँक्रीटचा नमुना-क्यूब फोडल्यावर कळतं. सात दिवसांचा क्यूब आणि अठ्ठावीस दिवसांचा क्यूब यांचे अहवाल बिलाला जोडावे लागतात. आमचे क्यूब नवरा स्वतः भरतो. याबाबतीत तो कर्मठ आहे.

बिलाचं गणित सांगितल्याशिवाय या धंद्याची ओळख पूर्ण होत नाही. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत मापं चढली, बिल तयार झालं. आता कपात. आयकराचा टीडीएस माझ्यासारख्या एकल मालकीच्या फर्मला १ टक्का. जीएसटीचा टीडीएस २ टक्के. बांधकाम कामगारांचा उपकर १ टक्का. विमा. सुरक्षा अनामत. खडी, मुरूम, वाळूची वाहतूक परवान्याची पावती नसेल तर गौण खनिजाची रॉयल्टी. जुलै २०२२ मध्ये नगरपालिकांच्या कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ज्यांची कामं जुन्या दराच्या अंदाजपत्रकावर चालू होती त्यांची बिलं नव्या दराने निघाली आणि वरच्या ६ टक्क्यांसाठी वेगळे प्रस्ताव करत बसावं लागलं. हे सगळं कापून जे उरतं, तेही निधी आला तर. निधी नसेल तर बिल 'लेखा विभागात आहे' हे उत्तर महिनोन्महिने ऐकायचं. २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी आंदोलनाला उतरल्या तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे आकडे आले. आमच्यासारख्यांची थकबाकी त्या आकड्यांपुढे किरकोळ, पण सिमेंटच्या दुकानदाराला ती किरकोळ वाटत नाही.

आता त्या गटाराकडे येते.

गावाच्या उत्तरेकडे एक नवी वस्ती वाढलेली. गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट, मधून कच्चे रस्ते, सांडपाणी प्रत्येकाच्या दारात. वित्त आयोगाच्या निधीतून तिथे बंदिस्त आरसीसी गटार मंजूर झालं. वस्तीच्या वरच्या टोकापासून खाली ओढ्यापर्यंत. आम्हाला काम मिळालं, दरही बरा होता. कार्यारंभ आदेश आला, नवऱ्याने लेव्हल लावल्या, उतार चांगला होता. खालून वर यायचं हा खरा नियम, म्हणजे ओढ्याकडून सुरुवात. पण खालच्या टोकाला त्या वेळी ऊस उभा होता. कनिष्ठ अभियंता म्हणाले, ऊस तुटेपर्यंत वरून करत या.

वरून करत आलो. ऊस तुटला आणि त्याच्या जागी आठवड्यात तारेचं कुंपण आलं, मग पायाची खोदाई, मग कंपाउंड वॉल. आमचा मुकादम, वय साठीच्या पुढे, सगळे त्याला मामा म्हणतात, भिंतीसमोर फावडं टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, गटार सोडायचं कुठं?"

अंदाजपत्रकात ते सोडायचं होतं बगीच्यात. म्हणजे प्रत्यक्ष बगीचा तिथे कधीच नव्हता. विकास आराखड्यात त्या गटावर बगीच्याचं आरक्षण होतं, आणि त्याच गटातून पावसाचं पाणी ओढ्याला नेणारी एक ओघळ होती. ओघळ गावनकाशावर नोंदलेली नाही, त्यामुळे ती सरकारी नाही. ती त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यातच. अंदाजपत्रक करणाऱ्याने नकाशावर हिरवा चौकोन पाहिला आणि जागा पालिकेची धरून रेघ मारली. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. कार्यालयात ते आधीपासून ज्यांना समजत होतं त्यांच्यापर्यंत ती फाइल गेलीच नव्हती, कारण बांधकाम विभाग आणि नगररचना विभाग एकाच मजल्यावर असले तरी त्यांची कपाटं वेगळी.

मला हे समजावलं आमच्या गल्लीतल्या अण्णांनी. अण्णा नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेले, संध्याकाळी ओट्यावर बसतात. त्यांनी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचं १२७ वं कलम तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेने आरक्षित जागा घेतलीच नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. घ्या, नाहीतर सोडा. नोटिशीनंतर पालिकेला मुदत असते. ती आधी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस महिने आहे. "चोवीस महिन्यांत पालिका काय करते?" अण्णांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "ठराव करते." नुसता ठराव करून किंवा भूसंपादनाचा प्रस्ताव वर पाठवून भागत नाही, संपादनाची खरी पावलं पडली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगून ठेवलंय. आमच्या पालिकेने ठराव केला होता. पैसे नव्हते. मुदत उलटली, आरक्षण व्यपगत झालं, शेजारच्या जमिनीसारखाच निवासी वापर त्या गटाला मिळाला. आमची निविदा निघाली तेव्हा यातलं बरंचसं होऊन गेलेलं होतं.

वस्तीतले लोक त्या जमीनमालकाला शिव्या घालत. मला त्या माणसाचा राग आला नाही. बापाच्या काळापासून जमिनीवर शिक्का. विकता येत नाही, बांधता येत नाही, कर्जाला बँक उभं करत नाही, आणि बगीचा तर कुणी करतच नाही. कायद्याने त्याला सुटायची एक वाट ठेवली होती, तो त्या वाटेने सुटला. भिंत त्याच्या हद्दीत होती. ओघळ बुजवायला नको होती, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ओघळ कागदावर दाखवा." दाखवता आली नाही.

कनिष्ठ अभियंत्यांनी काम आहे तिथे थांबवायला सांगितलं. भिंतीच्या अलीकडे एक मोठं चेंबर बांधलं, तेवढ्यापर्यंतची मापं घेतली. उरलेल्या लांबीचे पैसे अर्थातच नाहीत. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि चेंबर भरून पाणी उलटं फिरलं. गटार बंदिस्त असल्यामुळे ते दिसलं नाही. थेट खालच्या चार-पाच घरांच्या न्हाणीघरांतून वर आलं. आधी तिथे उघड्यावर वाहायचं, आता घरात. माणसं आमच्या दारात आली. त्यांना नगररचना काय आणि बांधकाम काय. ज्याच्या माणसांनी गटार बांधलं त्याचं पाणी. एक आजी मला म्हणाल्या, "बाई, पूर्वीचंच बरं होतं गं."

मागोमाग पत्र आलं. दोषदायित्व कालावधीत काम सदोष आढळलं आहे, स्वखर्चाने दुरुस्ती करावी, अन्यथा सुरक्षा अनामत जप्त करण्यात येईल. नवरा भडकला. मी त्याला जेवायला बसवलं आणि कागद काढायला घेतले. मोजमाप पुस्तिकेची प्रत. काम थांबवण्याची साइटवरच्या आदेशवहीतली नोंद. ती मी त्याच वेळी आग्रहाने लिहून घेतली होती. आणि त्या गटाचा भाग नकाशा. भाग नकाशा आणि झोन दाखला या दोन गोष्टी नगरपालिकेत कुणालाही फी भरून मिळतात, लोकसेवा हक्क कायद्यात त्यांना ठरलेली मुदत आहे, आणि छोट्या ठेकेदारांपैकी फारच थोडे त्या मागतात. मी हे सगळं जोडून उत्तर दिलं, की दोष बांधकामाचा नाही, पाण्याला निर्गम नाही. निर्गमाची जागा पालिकेच्या ताब्यात नाही, आणि ती देणं ठेकेदाराच्या हातात नाही. त्या पत्राला उत्तर आलं नाही. अनामतही जप्त झाली नाही. सरकारी कामात असं गप्प बसणं म्हणजे अर्धा होकार असतो, असं अण्णांचं म्हणणं.

तेव्हापासून निविदा भरायच्या आधी मी भाग नकाशा काढते. नवऱ्याला सुरुवातीला ही नसती उठाठेव वाटायची. पण बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाणपत्रकात, किती घनमीटर काँक्रीट ते लिहिलेलं असतं, ते कुणाच्या जमिनीत ओतायचं ते नकाशात असतं. दोन-तीन कामं आम्ही नकाशा बघून सोडली. त्यातलं एक ज्यांनी घेतलं त्यांचा रस्ता अजून एका गोठ्याशी अडलेला आहे.

याच सुमारास गावाच्या आराखड्याची सुधारणा निघाली. आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. ड्रोन उडाले, पोरं टॅब घेऊन घरोघर फिरली, विद्यमान जमीन वापराचा नकाशा झाला आणि मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. २०२२ पासून राज्यातल्या बऱ्याच पालिकांत होते तसे आमच्याकडेही नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. एरवी नगरसेवकाच्या घरी जाऊन 'आमच्यावरनं रस्ता काढू नका' म्हणणारे लोक थेट सभागृहात आले. भिंतीवर नकाशे लावलेले. पिवळा निवासी, निळा व्यापारी, हिरवा शेती. सगळं गाव नाक टेकवून आपापला गट शोधत होतं. सापडला, त्यावर काही नाही असं दिसलं की माणूस हसत बाहेर. शेजाऱ्याच्या गटावर काय पडलंय हे बघायला मात्र बरेच जण परत आत.

मी पाणी शोधत होते. त्या गटाजवळ ओघळ कुठेच नव्हती. पिवळा रंग सलग ओढ्यापर्यंत गेलेला. म्हणजे पुढची वीस वर्षं वस्तीचं पाणी वाहणार नाही, हे नकाशाने ठरवूनच टाकलं होतं, आणि ते कुणी मुद्दाम ठरवलं होतं असंही नाही.

वस्तीतल्या लोकांना घेऊन सूचना लिहिली. अण्णांनी मसुदा तपासला, माझी रागाची दोन वाक्यं काढून टाकली. मागणी अशी, की त्या गटाच्या पूर्व हद्दीने, जिथे अजून बांधकाम नाही तिथून, ओढ्यापर्यंत नऊ मीटरचा रस्ता दाखवावा. नुसता नाला मागितला तर देणार नाहीत, रस्ता मागा, गटार रस्त्याखालून जाईल. ही अण्णांचीच शक्कल. सोबत नवऱ्याने काढलेल्या लेव्हल जोडल्या आणि न्हाणीघरांचे फोटो. सह्या बायकांच्या जास्त होत्या.

सुनावणी नियोजन समितीसमोर झाली. शासनाने नेमलेले जाणकार, पालिकेचे अधिकारी, समोर फाइलींचे ढीग. बाहेर व्हरांड्यात रांग. हातात नंबर. बहुतेकांची तक्रार एकाच वाक्याची, 'माझं आरक्षण उठवा.' आमचा नंबर आला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी अर्ज चाळून विचारलं, "तुमची जमीन आहे का तिथे?"

"नाही साहेब."

"घर?"

"नाही. मी त्या गटाराची ठेकेदार आहे."

हसू पिकलं. "म्हणजे पुढचं काम मिळावं म्हणून?"

"मिळालं तर घेईनच की," मी म्हटलं. "पण आधीचं वाहिलं पाहिजे ना." मग त्यांनी लेव्हलचा कागद मागून घेतला आणि तो मात्र नीट पाहिला. ओढ्याचा तळ आणि चेंबरचा तळ यांत फरक किती, हा एकच नेमका प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर नवऱ्याने दिलं. त्या दिवशी त्याला जांभई आली नाही.

समितीच्या अहवालात रस्ता आला. जमीनमालकाने आधी कुरकुर केली, पण रस्त्याची जागा दिली तर त्या बदल्यात उरलेल्या जमिनीवर चटई क्षेत्र मिळतं, आणि रस्ता झाला तर त्याच्याच प्लॉटांचा भाव चढतो, हे त्याच्या वास्तुविशारदाने त्याला पटवलं. त्याने आगाऊ ताबा दिला. भिंत राहिली, हद्दीची तार दोन हातांनी नाही, रस्त्याभर मागे सरकली. एवढं सगळं व्हायला मध्ये पावसाळे गेले. खालच्या घरांनी न्हाणीघराच्या मोऱ्यांत विटा आणि पोती कोंबून ते काढले.

मग एका सकाळी पोर्टलवर निविदा दिसली. नऊ मीटर रस्ता काँक्रीटीकरण व आरसीसी गटार, ओढ्यापर्यंत. मी कागद उघडले आणि पात्रतेच्या अटी वाचल्या. ठेकेदाराचा स्वतःचा किंवा करार केलेला आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लांट कामापासून तीस किलोमीटरच्या आत असावा. एवढ्याशा रस्त्याला प्लांटची अट कशाला, असं निविदापूर्व बैठकीत मी लेखी विचारलं. शुद्धिपत्रक निघालं. त्यात निविदा भरण्याची तारीख चार दिवसांनी वाढवली होती, अट तशीच.

आमचा प्लांट नाही. ज्यांचा आहे त्यांना करार मागितला, त्यांनी गोड बोलून टाळलं, कारण त्यांना स्वतःलाच भरायची होती. काम त्यांना मिळालं. कार्यारंभ आदेश झाल्यावर त्यांच्या सुपरवायझरचा फोन आला की गटाराचं तेवढं तुम्ही पोटठेक्याने घ्या, तुम्हाला लेव्हल माहीत आहेत. दर सांगितला तो आमच्या जुन्या दरापेक्षाही खाली होता. नवरा नको म्हणाला, मामा हो म्हणाला, मी दोन दिवस घोळ घातला आणि घेतलं. काँक्रीट त्यांचं, सळई त्यांची, खोदाई, शटरिंग आणि मजुरी आमची. यावेळी ओढ्याकडून सुरुवात केली, वर आलो आणि जुन्या चेंबरला भिडलो. चेंबरची भिंत नवऱ्याने इतकी पक्की बांधली होती की ब्रेकर भाड्याने आणावा लागला. त्या ब्रेकरचं भाडं कुणाच्याच अंदाजपत्रकात धरलेलं नव्हतं. ते आमच्याच खिशातून गेलं.